तलावावरची हिरवी साय

बाबा, परवा आंजीला, आपल्या गावी, घरी गेले आणि तुमच्यासाठी खोटं बोलून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्या खोट्याचा तुम्हाला आता काय उपयोग! पण तोंडातून निघून गेलं ते गेलं.

तलाव आता धाकटा बघतो. तुमच्यासारख्याच शेणखताच्या बोऱ्या पाण्यात ओततो, तुमच्यासारखाच कोपरापर्यंत हात बुडवून बघतो. हिरव्या पाण्यात पंजा दिसेनासा झाला की तुम्ही किती खूश व्हायचात. लहानपणी एकदा मी काठाशी जमलेली हिरवी साय ओंजळीने बाहेर फेकत होते, तर तुम्ही ओरडलात, "काऊन फेकून राह्यली व? मासोळीचा घास हाय तो!" मी रडले. संध्याकाळी तुम्ही माझ्या ताटात मानाचं रोहूचं डोकं वाढलंत. त्या वर्षी मासोळी वाढली नाही, तेव्हा तुम्ही मासोळीची पिल्लं विकणाऱ्या बीजवाल्याला शिव्या घातल्या आणि मलाही त्याचाच राग आला.

यंदाही बोटुकली, ती बोटाएवढी पिल्लं, वाढेनात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून धाकट्याने बाटलीभर पाणी माझ्याकडे पाठवलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली पाणपिसू ठेवली. मासोळीची पिल्लं हिच्यावरच वाढतात. हिचं अंग काचेसारखं, आतलं सगळं दिसतं. पोट गच्च हिरवं, आणि तरी किरटी, पाठीवरच्या पिशवीत एक अंडं नाही. ती साय म्हणजे साधं शेवाळ नव्हे बाबा, नीलहरित जीवाणू. त्यांचे धागे हिच्या पायांच्या गाळणीत अडकतात, आणि जे पोटात जातात त्यांतून असं काही सुटतं की पाचकरसाचं काम बंद पडतं. खाल्लेलं अंगी लागतच नाही. बिचारी भरल्या पोटी उपाशी. थोडं हिरवं पाणी चांगलंच, पण खत अती झालं की हेच माजतं. आणि साय धरल्याशिवाय तुम्ही कधी थांबला नाहीत.

हेच सांगायला गेले होते. ओट्यावर तलावाचे सगळे भागीदार जमलेले. धाकटा म्हणतो, "ताई, बाबा करे तसंच करून राह्यलो ना मी. मंग चुकलं कोठी?" सगळे माझ्याकडे बघताहेत. आणि मी म्हणाले, "बीजच खराब असेल." लगेच एक काका म्हणाले, "मी म्हटलंच होतं! आता तिले सांगून देजो, पुढच्या साली येऊ नको." ती म्हणजे त्या बीजवाल्याची सून. सासऱ्यामागे तीच धंदा सांभाळते, पिशव्यांत बीज भरून टेम्पोने गावोगाव पोचवते. तिचं बीज तलावात सोडताना मी पाहिलं होतं. चांगलं चपळ होतं.

तेव्हापासून फोन हातात घेते आणि ठेवून देते. धाकट्याला सांगावं लागेलच, नाहीतर तो आणखी बोऱ्या ओतेल आणि त्या बाईच्या धंद्यातून आपलं गाव तुटेल. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुम्हाला एक सांगते. त्या ओट्यावर तिचं नाव खराब झालं आणि तुमचं राहिलं, तेव्हा मला बरं वाटलं. अजूनही वाटतंय.