आईला विचारा

बाई, आज आईची होडी पाण्यात गेली. सकाळपासून हे वाक्य कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. वर्कशॉपमध्ये सांगून झालं, शेजारी सांगून झालं, तरी ते संपत नाही. तुम्ही म्हणायचात, "तुझ्या तोंडावरची रेघ म्हणून हलत नाय गो." आज हलली. सगळ्या किनाऱ्यानं पाहिली, मग तुमच्यापासून कशाला लपवू.

मासेवाल्या बायकांच्या संघटनेचं काम करत तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात ते थेट स्वयंपाकघरात. बाबांना जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. आई विळीवर बांगडे साफ करते आहे, तुम्ही पाट ओढून तिच्यासमोर बसता आणि विचारता, "तुका काय होया?" तुला हवंय काय, एवढंच. आई मान वर न करता म्हणते, "माका काय होया? भावजी बघतत सगळा." तुम्ही म्हणता, "भावजी बघतत ता माका म्हायत आसा. तुका काय होया, ता सांग." त्या दिवशी उत्तर मिळालं नाही, नुसता चहा मिळाला. पुढच्या आठवड्यात तुम्ही परत आलात आणि तेच विचारलंत. बाजारातल्या मासेवाल्या तुमच्या दोडामार्गी बोलण्याची चेष्टा करायच्या, "बाईंची भाषा अर्धी गोव्याक जाऊन इली." तुम्हीही हसायचात आणि तिथेच फतकल मारून बसायचात. शेवटी एकदा आई बांगड्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "होडी होई."

होडी बाबांची होती. ते गेल्यावर काका ती समुद्रात न्यायला लागले आणि आमच्याकडे कालवणापुरते मासे पाठवायला लागले. काका वाईट नव्हते. भावाची होडी भावाकडे जाते, यात विचारण्यासारखं काही आहे असं त्यांनाच काय, गावात कुणालाच वाटत नव्हतं. बाईमाणसानं तर होडीला हातही लावायचा नाही, नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, मुळीच जायचं नाही.

मग मालवणचं ते मासेमारी खात्याचं ऑफिस. टेबलामागचे साहेब आईला विचारतात, "तुमचं म्हणणं काय आहे?" शुद्ध मराठी ऐकून आई माझ्याकडे बघते. मी शाळेत पहिली येणारी, नियम वाचून आलेली, मी बोलायला लागते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "तुला नाही विचारलं. आईला विचारलंय." मला कानफटात बसल्यासारखं झालं. त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, तुम्ही खिडकीबाहेरचा फणस बघत राहिलात, आणि कुणीही आईला मदत केली नाही. मग आई म्हणाली, "होडी माझ्या घोवाची. आता ती माझ्या नावावर करा." तिचा स्वतःचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असं म्हटलं तर ते खोटं होईल, बाजारात ती ओरडून मासे विकायचीच. पण स्वतःसाठी काही मागताना ऐकला, तो पहिल्यांदा.

होडी तिच्या नावावर झाली आणि तुम्ही काकांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन बसायला लागलात, जाळ्याबद्दल, त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलत. मला ते अजिबात पटलं नाही. कायदा आपल्या बाजूचा असताना त्यांच्याकडे चहा कशाला प्यायचा, असं मी तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कागद साहेब देतलो गो. होडी ढकलूक माणसा लागतत." मला ते उत्तर नव्हे, माघार वाटली होती. मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेले तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून तेरा-चौदाचा पाना दिलात. "कानातला देवचा म्हटला, पण तुझ्या कामाचा ह्या." त्याच वर्षी तुम्ही वारलात. होडी आईच्या नावावर होती, पण दर मोसमाला नाळेवर नारळ ठेवायचे काका, आणि आई लांब वाळूत उभी राहायची.

ती होडी जुनी होऊन गेली. ही नवी, फायबरची, आईनं स्वतःच्या धंद्यावर घेतलेली. इंजिन मी बसवलं. इंजिन आणि पंखा जोडणाऱ्या शाफ्टची अलाइनमेंट मी तीनदा तपासली, आणि फाउंडेशनचे शेवटचे बोल्ट तुमच्याच पान्यानं आवळले. आज सकाळी भरतीला माणसं जमली. काका पुढे झाले, सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचं म्हणून सवयीनं हात पुढे केला. "वयनी, नारळ हाड."

आईनं नारळ दिला नाही. छातीशी धरून उभी राहिली. होडीला लागलेले हात एकेक करून खाली आले. नारळावाचून होडी कुणी ढकलणार नव्हतं, आणि पाणी उतरायला लागलं असतं तर आजचा दिवस गेलाच होता. काका माझ्याकडे वळले. "चेडवा, तू शिकलेला मा? सांग तुझ्या आवशीक. पाणी थांबाचा नाय."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. होडी कुणाच्या नावावर, मालकी कुणाची, सगळं मुद्देसूद. मी म्हटलं, "आईला विचारा, काका."

परत तीच शांतता, बाई. फक्त इथे फणस नव्हता, समुद्र होता.

आई चालत नाळेपाशी गेली, तिच्यावर नारळ ठेवला आणि हात तिथेच ठेवून म्हणाली, "भावजी, गाऱ्हाणा मी घालतंय. तुमी व्हय म्हणा." "बा देवा म्हाराजा, माझो घोव गेलो, ही होडी मिया घेतलंय, माझ्या चेडवान हिका इंजिन बसवल्यान. हिका सांभाळ रे म्हाराजा." पुरुष काकांकडे बघायला लागले. मग मागून टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या मासेवाल्यांनी एकदम आवाज दिला, "व्हय म्हाराजा!" आईला तिचा बाजारातला गळा सापडला. "आणि ज्या कोणाक ह्या पसंत नाय, तेकाय पसंत पडांदे रे म्हाराजा." पुरुषांत हशा पिकला. काकांनी खाली वाळूकडे बघत, पण ऐकू येईल असं म्हटलं, "व्हय म्हाराजा." आणि सगळ्यात आधी होडीला खांदा त्यांनीच लावला. दुसऱ्या बाजूनं मी लावला. कुणी मला बाजूला हो म्हणालं नाही.

जमिनीवर जुळवलेला शाफ्ट पाण्यात गेल्यावर पुन्हा तपासावा लागतो, कारण तरंगताना होडीचा आकार किंचित बदलतो. दुपारी मी तो तपासला, थोडं सरकवावं लागलं. ऑफिसात सगळं जुळल्यावरही तुम्ही काकांच्या खळ्यात का येत राहिलात, ते मला इंजिनावर वाकलेली असताना कळलं.

हा पत्राचा कागद पान्याभोवती गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवणार आहे. एकच सांगायचं राहिलं. सगळे म्हणतात, तू किती शहाणपणानं "आईला विचारा" म्हणालीस. तुम्हाला म्हणून सांगते, शहाणपण नव्हतं. रडू फुटत होतं, रेघ हलली ती तेव्हाच, आणि तेवढेच दोन शब्द बाहेर पडले.