अर्धं कात्रण आणि आखाचं वंगण

कळंब, शनिवार

चि. सावळेराम,

अर्धंच कात्रण का पाठवलंस ते आधी सांग, आशीर्वाद मागनं देते. पुरतं पाठवायचं नसेल तर पाठवूच नये, एवढी अक्कल पुण्याच्या छापखान्यात इतकी वर्षं काढून यायला पाहिजे होती. गाडीचं चाक कसं काढायचं, आतला ब्रेकचा ड्रम कसा ठोकून बाहेर घ्यायचा, सगळं चित्रासकट. आणि खाली बारीक अक्षरात काय, तर ड्रम निघाल्यावर आत काय करायचं ते पुढच्या रविवारी. मग तो पुढचा रविवार गेला कुठं? तुझ्या बायकोनं, इंद्रायणीनं, डब्यांखाली अंथरला असणार. तिला म्हणावं, फळीवर घालायला साड्यांच्या जाहिरातीची पानं असतात, ती घाल. आता आशीर्वाद घे. तुझा खोकला, इंद्रायणीचे गुडघे, पोरांच्या परीक्षा, सगळं विचारलं असं समज. आम्ही इकडं खुशाल आहोत असं मी लिहिणार नाही, कारण आम्ही नाही.

फोन का केला नाही म्हणशील. घरातला फोन तुझ्या दाजींच्या खाटेच्या उशाला आहे, आणि एसटीडीच्या बूथमधनं बोललं की मी घरी पोचायच्या आत बातमी पोचते. म्हणून चौथीतनं उठवलेल्या हातानं लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. तुझ्यापायी झालंय, तेवढा त्रास तुला झाला पाहिजे.

मंचरच्या डॉक्टरची जुनी फियाट दारात आली तेव्हा मी ओवाळली, नाही म्हणत नाही. लेकीला येडगावात दिली, तिच्याकडं जायला यायला बरी, असं मलाही वाटलं. पण तू दर महिन्याला पाकिटातनं ती कात्रणं धाडायला लागलास आणि माझ्या घराचं गॅरेज झालं. ह्या माणसानं जन्मात कधी दुसऱ्याचं ऐकलं नाही. मी सांगितलं की वारा, त्यांच्या आईनं सांगितलं की म्हातारीची बडबड. पण छापून आलं की चष्मा पुसून ओट्यावर बसतात आणि ग्रामसभेत ठराव वाचावा तसं मोठ्यानं वाचतात. कात्रणात आलं, हवेची जाळी झटकून साफ करावी. झटकण्यापेक्षा धुतलेली बरी, असं ह्यांनी ठरवलं. ती जाळी निघाली कागदाची. माझ्या साबणानं माझ्याच बादलीत धुतली, तिचा लगदा झाला, तो मी म्हशीच्या घमेल्यात भरून टाकला. मग नवी आणावी का नाही? नाही. माझं एक जुनं लुगडं फाडून तिथं घडी करून बसवलं. तेव्हापासून गाडी माझ्या लुगड्यातनं श्वास घेते. (नवं म्हणावं असंच होतं, नुसता काठ विरला होता.) पुढच्या कात्रणात आलं, इंजिन गार ठेवायच्या डब्यात स्वच्छ पाणी घालावं. आपल्या विहिरीचं पाणी तीन पिढ्या पितायत, त्यांना ते एकदम घाण वाटायला लागलं. ओझरच्या गणपतीचं तीर्थ बाटलीत आणलं होतं ते ओतलं. देवाला आता आमच्या बॉनेटखाली उकळत बसावं लागतं.

मग बातमी आली, पुढं बसणाऱ्यानं पट्टा बांधावा. त्या फियाटला पट्टा कुठला? गोठ्यात गेले, म्हशीचं नवं दावं आणलं, सीटच्या मागनं घेऊन माझ्या पोटावर आवळलं आणि वर निरगाठ मारली. स्वतःला नाही बांधलं. म्हणाले, चालवणाऱ्याला हात मोकळे लागतात. (पट्टा हातांना नसतो, पोटाला असतो, पण हे मी सांगितलं, छापून आलं नव्हतं.) हे दावं ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या आरतीचा सातवा संपत आलाय. पहिलटकरीण आहे, बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि दवाखाना आम्हाला मंचरात हाकेवर आहे. झुंबरबाईंच्या, म्हणजे तिच्या सासूच्या घरात आठव्या महिन्यात सून गावाची शीव ओलांडत नाही. ओलांडली तर काय होतं हे त्यांनाही माहीत नाही, पण नाही ओलांडत. नववा लागेपर्यंत थांबावं तर ही पोर अंगानं बारीक, नवव्यात तिला त्या रस्त्यावरनं हिंदकळत आणायची माझी छाती नाही. म्हणजे आणायची तर आत्ताच. येत्या शुक्रवारी आठवा लागतो. तुझे दाजी चार जणांत सांगून बसले होते की लेकीला आपल्याच गाडीतनं आणणार, गाडीही स्वतः तयार करून. तयार करून म्हणजे चाकं काढून.

चारी चाकं काढली. ड्रम काढले. अंगणात सगळं मांडलं, जत्रेतल्या भांड्यांसारखं. तुझ्या पुढच्या कात्रणाची आठ दिवस वाट बघितली. पोस्टमन आला की फाटकापर्यंत जायचे. नाही आलं. मग आपलंच डोकं चालवलं. आत हात घालून बघितलं तर सगळं कोरडं ठक्क. मला बोलावून दाखवलं, "बघ, डॉक्टरनं कसं ठेवलं व्हतं बिचाऱ्याला. एक थेंब न्हाई आत." आणि बैलगाडीच्या आखाला घालतात ते वंगण आणलं. बैलगाडी कधीच गेली, पण बांबूच्या नळ्यातलं एरंडेल ह्यांनी जपून ठेवलंय, सासऱ्यांच्या हातचं आहे म्हणून. ते चारी चाकांत, सढळ हातानं, बोटांनी चोळून चोळून लावलं. बाळंतिणीला तेल लावतात तसं. मी बघत होते. मला काय ठाऊक. आख कोरडा असला की गाडी कुरकुरते एवढं आम्हा दोघांनाही लहानपणापासून ठाऊक, आणि तेवढंच ठाऊक.

गुरुवारी निघालो. मी दाव्यात. मांडीवर ओटीचं सामान, पायाशी लाडवांचा डबा. सुरवातीला गाडी लोण्यासारखी. हायवेला तर हे इतके खूश की नारायणगाव येईपर्यंत स्वतःचं कौतुक संपेना. "बघ कशी मोकळी पळतीया. लायकीच्या माणसाच्या हातात आली." नारायणगावच्या गतिरोधकावरनं आम्ही उडालो तेव्हा मी विचारलं, थांबवली का नाही. म्हणाले, वेळेचं गणित असतं ड्रायव्हरचं. गणित कसलं, ऊन आणि पळणं, आतलं एरंडेल पातळ होऊन चांगलं मुरलं होतं.

येडगावात धरणाच्या रस्त्यावरनं आरतीच्या घराकडं उतरायला उतार आहे, तू लग्नात बघितलाय, तिथंच तुझ्या धोतराचा सोगा काट्याला अडकला होता. त्या उतारावर गाडी लागली आणि तुझे दाजी सीटवरनं अर्धे उठले. खाली बघितलं तर पाय ब्रेकवर असा हाणत होते, जसा मोटेचा बैल. मी हँडब्रेक ओढला, तो माझ्या हातात नुसता वर आला, कपाटाच्या सैल कडीसारखा. समोर अंगण. अंगणात डावीकडं जनावरांची दगडी टाकी, मधोमध झुंबरबाई सुपात ज्वारी पाखडत बसलेल्या, उजवीकडं कडब्याची गंज. दारात आरती, पोटावर हात ठेवून. तिला बघितलं आणि मला पुढचं काही सुचायला वेळ लागला नाही. ह्यांचे हात बाजूला सारले आणि स्टेरिंग उजवीकडं ओढलं. बैल बांधावर चढायला लागला की कासरा ओढतात तसं. गाडी गंजीत गेली. दरवाजापर्यंत गेली. वरनं पेंढ्या अशा कोसळल्या की आत अंधार.

झुंबरबाई जागच्या उठल्या नाहीत. सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "या, बसा." मी कुठली बसतीये, मी बांधलेली. ती निरगाठ ह्यांनाही सुटेना. शेवटी व्याही विळा घेऊन आले, कडबा उपसला आणि दावं कापून मला बाहेर काढलं. गाव जमलं होतं. गोठ्यातल्या म्हशीनं माझ्याकडं बघितलं ते अजून डोळ्यांपुढनं जात नाही, तिला ते दावं ओळखू आलं असावं. लाडू फुटले नाहीत. (इंद्रायणीला सांग, पाक असा करायचा.)

व्याह्यांनी चाकाशी बसून बोट घातलं, नाकाला लावलं आणि म्हणाले, "भिमाजीराव, ह्याला एरंडेल पाजलं व्हय? मग ती थांबंल कशी? ब्रेक घासला तर थांबतो, राव." झालं. तिथं हसले असते तर बरं होतं. तुझे दाजी लालेलाल होऊन म्हणाले, ब्रेक धुऊन काढीन, पण लेक नेईन तर ह्याच गाडीतनं, दुसरी गाडी तिच्यासाठी दारात येणार न्हाई. व्याही म्हणाले, आमची सून ह्या गाडीत पाय ठेवणार न्हाई. दोघंही बोलून बसले. दोन पुरुषांनी एकमेकांसमोर शब्द दिला की मधल्या बाईनं काय करावं, ते कुठल्या कात्रणात येत नाही. आरतीची ओटी मी तिथंच भरली. निघताना मला पडवीत घेऊन म्हणाली, "आई, जीप आण, नायतर चालत ने, पण हितं नको गं ठेवू." तिला पहिल्यापासनं अंधाराची भीती नाही, कुत्र्याची नाही, पण बाळंतपणाची आहे. तुला म्हणून सांगितलं, कुठं बोलू नकोस.

फियाट व्याह्यांच्या ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. (उरलेल्या दाव्यानं.) आता चाकं पुन्हा निघालीत, अंगण पुन्हा मांडलंय, आणि हा माणूस रोज पोस्टमनची वाट बघतो.

पोरांना आशीर्वाद. खोकल्याला अडुळसा घे.

तुझी ताई,
अंजना

ता. क. वर मी इतकी आरडले, पण पुढचं कात्रण सापडलं तरी पाठवू नकोस. आलं तर हे ते वाचून ब्रेक बसवतील आणि त्याच गाडीतनं निघतील, आणि व्याही फाटक लावून घेतील. तू एक कर. तू छापखान्यात आहेस. तसल्याच कागदावर, तसल्याच बारीक अक्षरात, दोन रकान्यांत छाप, की ब्रेकचं काम घरी केल्यावर गाडी महिनाभर दारात विसावू द्यावी, लांब नेऊ नये, आणि पोटुशी बाई तर त्यात बसवूच नये, तोवर भाड्याची जीप वापरावी. मागच्या बाजूला एखादी खरी जाहिरात येऊ दे, हे उलटून बघतात. मग ते व्याह्यांना सांगू शकतील की मी नाही बदललो, पेपरात आलंय. मी बोलून दमले, ते खाली मान घालून झोपतात, जेवत नाहीत नीट. त्यांनाही लेक आणायचीच आहे, फक्त कुणीतरी छापून सांगायला पाहिजे.

ता. क. दुसरा. छापतोच आहेस तर शेवटी एक ओळ वाढव, की अशी जुनी गाडी घरातल्या बाईनं शिकून चालवली तर जास्त टिकते. गंजीत घातली ती मीच, आणि एक काच तडकली नाही.

ता. क. तिसरा. कागद नाशिकच्या एसटीच्या कंडक्टरकडं दे, कळंबच्या थांब्यावर मी उभी राहीन. बुधवारी दुपारच्या आत. नाही आला, तर गुरुवारी मी जीप घेऊन येडगावला जाईन, आणि ती कात्रणं कोण पाठवत होतं ते व्याह्यांच्या अंगणात, गंजीशेजारी उभी राहून, तुझ्या पूर्ण नावानिशी सांगेन. तेव्हा बुधवारी.