सासूबाईंचा श्वास

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा तेच! जुनंच गीत, चर्चच्या सगळ्या क्वायरला पाठ. तिसऱ्या कडव्यात सगळे आवाज थांबतात, चार मोजायचे, मग आम्ही आल्टोच्या सहा बायकांनी खालच्या सुरात एकदम उचलायचं. ऑर्गन नाही, काही नाही. आणि त्या शांततेत माझ्या डाव्या कानाशी सासूबाई — हंऽऽऽ! सायकलच्या चाकात हवा भरावी तसा श्वास. मग सगळ्यांच्या आधी, अर्धी मात्रा पुढे, त्यांचा सूर. तोही आता थरथरतो. क्वायर बसवणाऱ्या मास्तरांनी हात खाली टाकले. सासूबाई इकडेतिकडे बघताहेत, जणू दुसऱ्याच कुणी केलं.

नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी आहे. घरी ओट्यापाशी शेजारी, चर्चमध्ये शेजारी. देवाने निदान एक तरी बाई मध्ये ठेवायची!

४ फेब्रुवारी, रविवार

उपासना संपल्यावर मास्तरांनी मला ऑर्गनच्या मागे गाठलं. हे गृहस्थ शाळेत गणित शिकवतात, पोरं त्यांना चळाचळा कापतात म्हणे. इथे मात्र नुसता चष्मा पुसत होते. पंचवीस तारखेला चर्चला पंचाहत्तर वर्षं होताहेत, बिशप येणार, हेच गीत म्हणायचं. तर त्या दिवशी तुमच्या सासूबाईंनी नुसते ओठ हलवले तर... तुम्ही घरच्या, तुम्हीच सांगा.

घरची म्हणून मी! चौतीस वर्षं त्या क्वायरमध्ये आहेत, त्यातली पंधरा मास्तरांच्या हाताखाली. एवढ्या वर्षांत मास्तरांना एक वाक्य बोलायला जमलं नाही, ते मी घरात चादरी-उशा आवरताना बोलायचं.

६ फेब्रुवारी

ह्यांना सांगून पाहिलं. "तुमच्या दोघींचं तुम्ही बघा," म्हणाले आणि पेपर वर घेतला. बासमध्ये गाणारा माणूस, आवाज विहिरीतून आल्यासारखा — पण आईपुढे हूं की चूं नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तालमीला निघण्याआधी सांगणार होते. खोलीत गेले तर त्या गीतांच्या वहीच्या फाटक्या कडांना चिकटपट्टी लावत बसलेल्या. सासरे गेल्यापासून शुक्रवारची तालीम आणि रविवार, एवढ्यासाठीच त्या घराबाहेर पडतात. मी कात्री आणून दिली आणि परत आले.

तालमीत पुन्हा हंऽऽऽ. मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच हवा भरली.

१४ फेब्रुवारी

सांगितलं एकदाचं. चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या, म्हणजे कुणालाच निघून जाता येत नाही. मी बिशप, पाहुणे, मास्तरांची काळजी असं लांबून लांबून फिरत शेवटी मुद्द्यावर आले.

"हे मास्तरांचं म्हणणं, की तुझं?"

मास्तरांचं, म्हटलं. अर्धं खरं.

त्यांनी टोकाला टोक जुळवलं, चादर कपाटात ठेवली. "बरं," म्हणाल्या.

भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

ओठ हलवले, बस्स. श्वाससुद्धा नाकातून, गुपचूप. मास्तर इतके घाबरलेले की तिसऱ्या कडव्यात स्वतःच मोठ्याने एक-दोन-तीन-चार मोजलं, आणि आम्ही बिनचूक उचललं. सगळे खूश. मला वाटलं होतं, माझा जीव भांड्यात पडेल. नाही पडला.

१८ फेब्रुवारी, रविवार

रोज जेवणाआधी प्रार्थनेला आम्ही तिघं एक गीत म्हणतो. आज बघते तर सासूबाई घरीही ओठच हलवताहेत! ह्यांनी विचारलं, आई, आवाज कुठे गेला?

"सवय करतेय," म्हणाल्या.

टोमणा मारायचा तर सरळ मारावा! पण तोंडावर राग नाही, काही नाही. त्याचाच मला जास्त राग आला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता बघताय? पेपर कुठे गेला?

२३ फेब्रुवारी

शेवटची तालीम, मास्तरांचं मोठ्याने मोजणं चालूच. ठीक. लिहावंसं वाटत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

फजिती! पहिल्या रांगेत बिशप, मागे उभं राहायला जागा नाही. दोन कडवी सुरेख झाली. तिसऱ्यात सगळे थांबले. आज मास्तर मोठ्याने मोजणार नव्हते, नुसता हात. एक, दोन, तीन, चार. हात आला. कुणीच नाही! मी तोंड उघडून उभी. कशाची वाट बघत होते? त्या हंऽऽऽची! डावीकडे पाहिलं. सासूबाईंचे ओठ हलत होते, एकट्यांचे, अगदी नेमक्या जागी, आवाज न करता. मग टेनरचे पुरुष घाबरून भलतीकडेच शिरले आणि गीताचं पार मातेरं झालं. बिशप सौजन्याने हसले.

नंतर वह्या गोळा करताना आमच्या आल्टोतली नर्सबाई म्हणाली, मी तर कायम त्यांच्या श्वासावरच उचलते. शिवणवाली म्हणाली, मीपण. मग पाचही जणींचं तेच निघालं. म्हणजे सासूबाई अर्धी मात्रा आधी येतच नव्हत्या. आम्ही पाच जणी त्यांचा श्वास ऐकून मग तोंड उघडत होतो, त्यामुळे उशीर आमचा. आणि गणिताच्या मास्तरांना इतक्या वर्षांत हे कळलं नाही!

घरी येताना सासूबाई माझ्या शेजारीच चालत होत्या. "मला कळलं," एवढं एक वाक्य तरी मला त्यांना म्हणता आलं असतं. नाही म्हणता आलं.

२७ फेब्रुवारी

मास्तर घरी आले. पुन्हा चष्मा पुसणं. शुक्रवारपासून पूर्ण आवाजात या, म्हणाले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. "आता नको. गुडघे दुखतात उभं राहून." गुडघे कधीपासून?

मी स्वतःवर इतकी चिडले आहे की कपबशी फोडली.

२८ फेब्रुवारी

सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन माफी मागितली. म्हटलं, तुमच्या श्वासाशिवाय मला ती जागा सापडत नाही, परत या.

"माहीत आहे," म्हणाल्या. "लग्न होऊन आलीस तेव्हाही सापडायची नाही. तालमीवरून रडत यायचीस. म्हणून तर मी मोठ्याने श्वास घ्यायला लागले. म्हटलं, हिला जमलं की बंद करू."