गाडीनं मारलेला ब्रेक

४ ऑक्टो., नांदेड
नवीन गाडी येऊन आठ दिवस झाले अन् माझं डोकं उठलंय. आज गिरणीतून ज्वारीचं पीठ आणलं. डबा शेजारच्या सीटवर ठेवला तर गाडी टिंग टिंग टिंग. पट्टा लावा. अरे कुणाला? डब्याला? चौकापर्यंत दम काढला, मग उतरून डब्याला पट्टा लावला, तवा कुठं गप्प बसली. कोपऱ्यावरचा पानवाला पोट धरून हसत होता.
मुलानं, बसूनं, पुण्याहून बुक केली, आम्हाला भेट म्हणून. पोराचं मन चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण अट घातली, ही आली की जुनी जीप विकायची. मुरुडचा एक माणूस परस्पर ठरवून पण ठेवलाय, महिनाअखेरच्या रविवारी न्यायला येणार म्हणे. माझी जीप, अन् सगळ्यांच्या शेवटी मला कळतंय! सत्तावीस वर्षं झाली तिला. आरटीओचं पासिंग यंदाच करून आणलंय. देणार नाही. इथं लिहून ठेवतो.

७ ऑक्टो.
पिवळा दिवा लागला. सलीमकडं नेली. आयटीआयला माझ्याच हाताखाली शिकला तो, आता स्वतःचं गॅरेज आहे. बॉनेट उघडलं तर आत एक मोठं काळं प्लास्टिकचं झाकण. सलीम म्हणाला, "सर, हिला पाना लावून उपयोग न्हाई. लॅपटॉप लावावा लागतो. शोरूमला न्या."
शोरूमला दोन तास. काचेच्या अलीकडं मी, पलीकडं गाडी, आत जायची परवानगी नाही. तीस वर्षं डिझेल मेकॅनिकच्या बॅचा काढल्या, आवाज ऐकून सांगायचो कोणता नोझल गेलाय. अन् इथं माझ्या हातात कॉफीचा कप देऊन बसवलं. दिवा गेला. कशानं लागला होता, विचारलं.
"तसं सांगता येत नाही काका. अपडेट मारलंय."
हे काय उत्तर झालं? परीक्षेत असं लिहिलं असतं कुणी तर भोपळा दिला असता.

८ ऑक्टो.
देगलूर नाक्याकडं खड्डा चुकवायला गेलो तर स्टिअरिंग आपोआप परत खड्ड्याकडं. पांढऱ्या पट्ट्याच्या आतच राहायचं म्हणे. हिला पट्टा दिसतो, खड्डा दिसत नाही. जिथं बनवली तिथं खड्डे नसतील, आमचा काय इलाज. शिव्या दिल्या. महानंदा म्हणाली, "अहो, ती ऐकते की काय सगळं." ऐकू दे.

११ ऑक्टो., माहूर
म.चा हट्ट, नवीन गाडी आधी रेणुकामातेला दाखवायची. गडाच्या पायऱ्यांपाशी पूजा केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू, अन् पुढच्या जाळीवर झेंडूचा मोठा हार, मधोमध, बॉनेटखाली चिन्ह असतं ना, बरोबर त्याच्यावर. मीच बांधला, चांगला करकचून.
घाट उतरायला लागलो अन् गाडीनं कचकन ब्रेक मारला. समोर कुणी नाही. परत दहा पावलं, परत कचकन. मागचा टेम्पोवाला खिडकीतून काय काय बोलला ते लिहीत नाही. म. रेणुकेचं नाव घेऊन राहिली. मी घामाघूम.
कडेला घेऊन सलीमला फोन. तो हसायलाच लागला. "सर, हार काढा! त्या चिन्हाच्या मागंच तिचा डोळा असतोय." म्हणजे हार हलला की गाडीला वाटतंय पुढं कुणी आहे. काढला हार. सरळ चालली.
देवीचा हार काढायला लावला ह्या डबड्यानं. म.नं तो मांडीवर धरून घरापर्यंत आणला.
हार काढायच्या आधी पाच मिनिटं बसूचा फोन आला होता. "अप्पा, अपघात झाला का? मला मेसेज आलाय."
पुण्यात मेसेज!

१२ ऑक्टो.
बसूनं कबूल केलं. गाडी कुठं आहे, किती जोरात आहे, ब्रेक कितीदा लागला, सगळं त्याच्या मोबाईलवर दिसतं. "शुक्रवारी तुम्ही चौऱ्याण्णवनं चालला होता."
म्हणलं, "मी तुझा बाप हाय का तू माझा?"
"अप्पा, काळजी वाटते म्हणून."
"काळजी वाटती तर ये. इथं ये अन् शेजारी बस."
फोन मीच ठेवला.

१६ ऑक्टो., लातूर
म.च्या बहिणीकडं, कमलाक्काकडं आलो. रस्त्यात चाकूरच्या अलीकडं गाडीनं परत ब्रेक मारला. उगीच.
जेवलो. निघायला बसलो तर गाडी चालू होईना. बटण दाबलं, लाल अक्षरं आली, मालकाशी संपर्क साधा. मालक कोण? मी उभा आहे ना इथं! बसूला फोन. "अप्पा, मी बंद केलीय. पुढच्या शनिवारी येतो, तोवर तिथंच राहू द्या. तुम्ही चालवू नका."
पुण्यात बसून लातुरात बापाची गाडी बंद केली. कमलाक्काच्या दारात. तिच्या जावयासमोर.
एसटीनं आलो. उभ्यानं, अहमदपूरपर्यंत. गाडी पडू दे तिथंच, मला काय त्याचं.

१७ ऑक्टो.
सकाळी जीप काढली. एका चावीत चालू. खडखडाट, धूर, दार दोनदा आपटावं लागतं. पण जिकडं वळवीन तिकडं वळते अन् कुणाला कळवत नाही. कौठ्याच्या पुलावरून दोन चकरा मारल्या, काही कारण नसताना. तरणा झाल्यावानी वाटलं.
मुरुडवाल्याला फोन करून सांगितलं, जीप विकायची नाही. तो म्हणाला तुमच्या मुलानं इसार घेतलाय, मी येणार. ये म्हणलं. बघू कोण नेतंय.

१८ ऑक्टो.
म. जीपमध्ये बसायला तयार नाही. बाजारात चल म्हणलं तर नको. पाठीचं कारण सांगितलं. खरं आहे, मणक्याचा त्रास आहे तिला, नव्या गाडीची सीट तिला लई मानवली होती. पण ते कारण नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं, तवा बोलली.
"बसूला मीच सांगितलं. कमलाक्काच्या घरून. गाडी बंद कर म्हणून."
मला वाटलं चेष्टा करायली.
"तो सायकलवाला तुम्हाला दिसलाच न्हाई," म्हणाली. "मी ओरडणार होते, तोंडातून आवाज निघाना. गाडीनं ब्रेक मारला म्हणून वाचला तो."
उठून अंगणात गेलो. जेवलो नाही.

१९ ऑक्टो.
सोळा तारखेला "उगीच" लिहिलं ते खोटं आहे.
सायकल होती. डावीकडून आली. कॅरिअरला दुधाचे कॅन होते. गाडी थांबली, माझी छाती पट्ट्याला आदळली, तेव्हा तो दिसला, बॉनेटच्या पुढं हातभर. पाय टेकून उभा, माझ्याकडं बघत. मी काच खाली करून त्यालाच ओरडलो. तो पायडल मारत निघून गेला.
स्वतःच्या वहीतसुद्धा लिहिलं नाही मी. म.ला दिसलं नसेल असं धरून चाललो.
जीपमध्ये असतो तर? जीपला डोळा नाही. जीपचा डोळा मीच. हे काल रात्रीपासून डोक्यात आहे, आज लिहिल्याशिवाय भागत नव्हतं.

२० ऑक्टो.
फाटकापाशी उभा राहिलो. जीप अंगणाच्या त्या टोकाला, लिंबाखाली. डावा डोळा झाकला, नंबर वाचला, स्वच्छ. उजवा झाकला. पाटी दिसते, आकडे नाहीत. दुधात पाणी टाकल्यावानी सगळं. चष्मा पुसून परत. परत तेच.
पोरांना शिकवायचो, बिघाड सापडला की अर्धं काम झालं. स्वतःचा बिघाड सापडला की कसं वाटतं ते मला ठाऊक नव्हतं. रडू आलं. म. दारातून बघत होती, जवळ आली नाही, बरं केलं.

२३ ऑक्टो.
डोळ्याचे डॉक्टर. डाव्यात पिकलेला मोतीबिंदू, उजव्यात सुरुवात. डावा पुढच्या महिन्यात करायचा. म्हणलं, "गाडी चालवता येईल का नंतर?" म्हणाले, "बहुतेक येईल. तपासून सांगू." बहुतेक.
घरी येऊन बॉनेट उघडलं. दहा नंबरचा पाना घेतला, बॅटरीची वायर काढली, कापडात गुंडाळून बाजूला बांधली. जीप बंद. मी केली, माझ्या हातानं. कुठल्या मोबाईलनं नाही.
म.नं चहा आणून दिला. तिला म्हणलं, बसूला सांगण्याआधी मला सांगायचं होतंस. म्हणाली, "तुम्ही ऐकलं असतं?" नसतं ऐकलं. पण सांगायचं होतंस.

२५ ऑक्टो.
बसू लातूरहून गाडी घेऊन आला. उद्या मुरुडवाला येणार. जेवताना विषय निघाला.
"अप्पा, आता तर देऊन टाकू ना जीप. तुम्हीच बंद केलीय."
"बंद केलीय. विकली न्हाई."
"अन् ऑपरेशन झाल्यावरपण नीट दिसलं नाही तर?"
"तर मी सांगीन."
"तुम्ही सांगाल?" हसला नाही तो. खरंच विचारत होता.
मी वही आणली. एकोणीस तारखेचं पान उघडून त्याच्या पुढं ठेवलं. ही वही आजवर कुणाला दाखवली नव्हती, म.ला पण नाही. त्यानं वाचलं. परत वाचलं. ताटावरचा हात वाळून गेला त्याचा.
म्हणलं, "इथून पुढं माझं काय चाललंय ते मोबाईलला विचारायचं न्हाई. मला विचारायचं."
तो हात धुवून उठला. मुरुडवाल्याला येऊ नको म्हणून फोन केला नाही अजून. आता अंगणात जीपपाशी उभा आहे, खिडकीतून दिसतोय मला. उजव्या डोळ्यानं.