आठवी जोडी

२ जानेवारी

हे माझं टेनिसमधलं शेवटचं वर्ष. गेलं वर्षही शेवटचंच होतं, पण ते नीट झालं नाही.

संकल्प मोजकेच. सेकंड सर्व्हिस सुधारणे. गोड बंद. अंपायरशी हुज्जत नाही. आणि वर्षअखेरच्या चॅम्पियनशिपला जाणे. शेवटचा संकल्प आधीच्या तिन्हींवर अवलंबून नाही.

सासूबाईंना फोनवर समजावलं. वर्षभर गावोगाव स्पर्धा, जिंकलं की पॉइंट्स, आणि ज्यांचे पॉइंट्स सगळ्यात जास्त त्या आठच जोड्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेला. फक्त आठ. जगात! त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आठवीपर्यंत हल्ली सगळ्यांनाच पास करतात ना?

पार्टनर अजून पोरच आहे. अंगाने चिमणीएवढी, म्हणून मी तिला चिमणीच म्हणते. ती मला ताई म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिला कुणी विचारत नव्हतं तेव्हा मी तिचा हात धरला. (तेव्हा मलाही कुणी विचारत नव्हतं, पण तो योगायोग.) कामाची वाटणी सरळ आहे. डोकं माझं, पाय तिचे.

२० जानेवारी

पहिल्याच फेरीत बाहेर. ऊन डोळ्यांवर. चेंडू जड. कोर्टाला आमच्या बाजूने उतार होता, हे कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही.

डबल फॉल्ट, म्हणजे लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकणं, थोडे झाले. मोजले नाहीत.

नवऱ्याला उताराचं सांगितलं. नवरा दातांचा डॉक्टर. म्हणाला, अंगण वाकडं होतं म्हण की. आणि पेशंट आला म्हणून फोन ठेवला. दिवसभर लोकांना 'अजिबात दुखणार नाही' म्हणणाऱ्या माणसाचं मी मनावर घेत नाही.

चिमणी ड्रेसिंग रूममध्ये रडत बसली होती. जवळ बसून तिला तिच्या सगळ्या चुका एकेक करून सांगितल्या. रडायची थांबली.

२३ फेब्रुवारी

जिंकलो!! पूर्ण स्पर्धा जिंकलो! यादीत एकदम सहाव्या.

फायनलला समोरच्या दोघी प्रत्येक चेंडू माझ्याकडेच मारत होत्या. अनुभवाला लोक मान देतात तो असा. चिमणी मात्र मधेमधे घुसून माझे चेंडू परतवत होती. जिंकलो ते ठीक, पण उतावळेपणा तो उतावळेपणाच. रात्री जेवताना तिला बोलले. म्हणाली, चुकलं ताई.

गुणी आहे. बॅगा पण दोन्ही तीच उचलते.

केक खाल्ला. जिंकल्यावर खाल्लेलं गोडात धरायचं नाही, असं ठरवलं.

१२ एप्रिल

सकाळी सरावात चिमणीला गुडघ्यातून कसं वाकायचं ते दाखवत होते. वाकले.

उठवायला तिघं लागले.

१३ एप्रिल

कंबर. फिजिओ म्हणतो, जुलै संपेपर्यंत रॅकेटला हात लावायचा नाही. त्याला म्हटलं, दुसरं मत घेईन. नवऱ्याला फोन करून घेतलं. त्याचं मत, जुलै कशाला, कायमचंच ठेव की.

१५ एप्रिल

चिमणीचं काय करायचं? पोर रिकामी बसली तर गंजेल. डावरीने विचारलंय. डावरी म्हणजे डाव्या हाताने खेळणारी एक मुलगी. तिच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. तिच्या पार्टनरने लग्न करून खेळ सोडला.

पूर्ण विचार केला. पॉइंट्स हे जोडीचे असतात, बाईचे नव्हेत. चिमणी-डावरी जे कमावतील ते त्या जोडीच्या नावावर. आमच्या जोडीचा एक पॉइंटही त्यात जात नाही. तीन महिन्यांत त्या दोघी पहिल्या आठात काय येतात, कप्पाळ! म्हणजे पोरीचा सराव चालू आणि धोका शून्य.

परवानगी दिली. चिमणीने दोनदा विचारलं, ताई, खरंच जाऊ? डोळ्यांत पाणी होतं तिच्या. विरहाचं.

इतक्या मोठ्या मनाची माणसं हल्ली राहिली नाहीत.

९ जून

घरी. पलंग. छत. सासूबाई येऊन 'आता आठवी का नववी?' विचारून जातात. नववी. काही न खेळता फक्त तीन पायऱ्या खाली, याला घसरण म्हणत नाहीत.

सेकंड सर्व्हिसचा मनातल्या मनात सराव केला. त्यातलीही एक नेटमध्ये गेली.

२२ जून

देव आहे. आठव्या जोडीतल्या उंच बाईचा घोटा मुरगळला. टीव्हीवर पुन्हापुन्हा दाखवलं. पुन्हापुन्हा पाहिलं.

तिला मेसेज पाठवला, लवकर बरी हो. मग राहवेना. लिहिलं, सूज फार आहे का, फोटो पाठव, माझा नवरा डॉक्टर आहे. बिचारीने पाठवला.

छान सूज आहे.

१२ जुलै

चिमणी आणि डावरीने ग्रँड स्लॅम जिंकलं.

ग्रँड स्लॅम. वर्षात चारच असतात. मी आजवर त्याच्या तिसऱ्या फेरीपर्यंत पोचलेय, एकदा, समोरच्या जोडीला विषबाधा झाली होती तेव्हा.

ढिगाने पॉइंट्स मिळाले म्हणे. पण त्यांच्या जोडीला. एवढ्यानेही त्या बाराव्याच. बाराव्याला शेवटच्या स्पर्धेत काय, पार्किंगमध्येही घेत नाहीत. दोघींची दया आली. इतकी धावपळ आणि सगळी वाया!

चिमणीचा फोन आला. हसत होती. रडत होती. मागे कुणीतरी गाणं म्हणत होतं. म्हटलं, अभिनंदन, पण दुसऱ्या सेटमध्ये तुझे पाय जड वाटले. म्हणाली, ठेवते ताई. खरं सांगणारं माणूस लागतं आयुष्यात.

नवरा शेजारी बसून मॅच बघत होता. म्हणाला, ही मुलगी तुझ्याबरोबर खेळताना अशी हसताना कधी दिसली नाही. म्हटलं, माझ्याबरोबर खेळ गंभीर असतो.

१० ऑगस्ट

परत मैदानात. कंबर ऐंशी टक्के, इच्छाशक्ती दोनशे. सरासरी काढली तर उत्तमच येते.

चिमणी परत आली. येणारच होती! कॉरिडॉरमध्ये डावरी तिला गळ घालत होती, ते कानांवर पडलं. मी मुद्दाम थांबले नव्हते, बुटाची नाडी बांधत होते. डावरी म्हणाली, अगं वेडी आहेस का, आपण दोघी खेळलो तर पहिल्या पाचात असू. चिमणी म्हणाली, ताईंना वर्षाचा शब्द दिलाय, वर्ष पुरं करते, मग सुटले.

'मग सुटले' हे कशाबद्दल ते नीट कळलं नाही. दोन्ही नाड्या बांधून झाल्या होत्या, म्हणून निघाले.

१९ सप्टेंबर

उद्या सेमीफायनल. यादीत नववे. उंच बाईचा घोटा दुर्दैवाने बरा झालाय.

नवा नियम केलाय. मॅचच्या दिवसांत चिमणीचा फोन माझ्याकडे. तरुण मुलांचं लक्ष फार उडतं. पिनही मागून घेतला, म्हणजे मोह नको.

२० सप्टेंबर

सकाळी चिमणीच्या फोनवर तिच्या भावाचे एकामागून एक कॉल. उचलले नाहीत, मी दुसऱ्यांचे फोन उचलत नाही. मग मेसेज आला. आईला रात्री हॉस्पिटलात हलवलंय, आज ऑपरेशन, आई तुझं नाव घेतेय, लगेच फोन कर.

वाचून मलाच धडधडलं. पाणी प्याले. शांतपणे विचार केला. इथून निघून पोचेपर्यंत ऑपरेशन उरकलेलं असणार. ही तिथे जाऊन काय करणार, भूल देणार? सेमीफायनल आज, फायनल उद्या. ऑपरेशन करायला डॉक्टर आहेत. पॉइंट्स मिळवायला आम्ही दोघीच.

नुसतं वाचून सोडून देणं बरं दिसत नाही, म्हणून तिच्या वतीने एक अंगठा पाठवला. आणि फोन बंद केला.

सेमीफायनल जिंकलो. चिमणी सुरेख खेळली. मन शांत असलं की खेळ असा होतो.

२१ सप्टेंबर

फायनल जिंकलो! आठवे! आठवे!!

कप घेऊन झाल्यावर, मोठ्या बहिणीच्या नात्याने, हळूच सांगितलं. तिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. आधी कधी ओढला नव्हता. भाऊ एवढ्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. काल सकाळीच वाचलंस की तू. आईला आत नेत होते, ती विचारत होती, आणि तू अंगठा पाठवलास?

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, नेटवर्कचा घोळ असेल.

ती बॅग भरून विमानतळावर गेली. आज फक्त स्वतःचीच बॅग नेली, माझी विसरली.

(आई बरी आहे. शुद्धीवर आहे, बोलते. मग बिघडलं काय?)

१९ ऑक्टोबर

पॉइंट्सची शेवटची स्पर्धा संपली. चिमणी वेळेवर आली, खेळली, गेली. महिनाभरात माझ्याशी 'तुमचा', 'माझा' आणि 'आउट' एवढंच बोलली. एकाग्रता म्हणतात ती हीच.

दुसऱ्या फेरीत हरलो, पण उंच बाईही हरली! म्हणजे आठवे ते आठवेच. वर्षाच्या शेवटी आम्ही आठव्या!

नवऱ्याला फोन केला. पहिल्यांदा तो काहीच वाकडं बोलला नाही. म्हणाला, खरंच? मग म्हणाला, बरं झालं गं. सासूबाईंना त्याने पलीकडून ओरडून सांगितलं.

रात्री झोप नाही. भाषण तयार केलं. त्यात चिमणीचा उल्लेख आहे.

२० ऑक्टोबर

कपाळमोक्ष.

या सगळ्या स्पर्धा भरवणाऱ्या टूरच्या ऑफिसातल्या बाईंनी बोलावलं. गोड बाई. खुर्ची दिली तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाल्या, पहिल्या सात जोड्या यादीप्रमाणे. आठवी जागा मात्र, यंदा ग्रँड स्लॅम जिंकलेली जोडी खाली कुठेतरी पण पहिल्या विसात असेल, तर तिला जाते. नियम आहे. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना बोलावून समजावला होता. तुम्ही आला होतात?

आले होते. मागच्या रांगेत होते. जरा डोळा लागला होता.

म्हटलं, कोण आहे ती उपटसुंभ जोडी?

त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, तुमच्याच पार्टनरची. ती आणि डावखुरी मुलगी. बाराव्या आहेत.

म्हटलं, तिला मी फक्त उसनी दिली होती! त्या म्हणाल्या, तसं कागदावर काही नाही.

आता नववे धरले म्हणून आमची जोडी पहिली राखीव, म्हणजे कुणी जायबंदी झालं तर त्यांच्या जागी खेळणारी. पण राखीव जोडीतली एक आधीच खेळणार असल्याने राखीवही नाही. अर्धी जोडी पाठवता येत नाही म्हणे.

नवऱ्याला फोन केला नाही. पेशंट असतील.

२ नोव्हेंबर

शेवटच्या स्पर्धेला आलेय. म्हणजे स्वतःच्या तिकिटावर. चिमणीला आतला पास मागितला होता. तिने ऑफिसात सांगून दिला. पासवर 'पाहुणी' असं लिहिलंय. काम सल्लागाराचंच.

सकाळी सल्ला द्यायला सराव-कोर्टवर गेले. डावरी म्हणाली, ताई, जरा बाजूला उभ्या राहाल? चेंडू लागेल.

४ नोव्हेंबर

डावरीचा खांदा निखळला! पहिल्याच मॅचमध्ये! स्ट्रेचर आलं!

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात आपोआप जवळ आले होते, पण वाजवल्या नाहीत.

तासाभरात ऑफिसातल्या बाईंचा फोन. त्या जोडीने नाव मागे घेतलं. म्हणजे चिमणी मोकळी. म्हणजे आमची जोडी पुन्हा पूर्ण. म्हणजे राखीव पहिल्या आम्ही! नियम साफ आहे, म्हणाल्या, पहिली हरली तरी इथे प्रत्येक जोडीच्या तीन मॅच असतातच, त्यांची उद्याची मॅच तुमची. दोघींनी येऊन फक्त हो म्हणायचं.

नियमांना मी नावं ठेवली होती ती परत घेते. नवऱ्याला फोन केला, रडले. तो म्हणाला, तिला विचारलंस का? म्हटलं, तिला काय विचारायचं!

धावत ड्रेसिंग रूममध्ये गेले. चिमणी बाकावर बसून पायाची पट्टी सोडत होती. सगळं एका दमात सांगितलं. तिने पट्टी पूर्ण सोडली, गुंडाळून ठेवली. म्हणाली, नको ताई.

म्हटलं, नको म्हणजे? अगं, आठवी जोडी! मी अठरा वर्षं खेळतेय. हे शेवटचं वर्ष आहे माझं. एकदा, फक्त एकदा उभं राहायचंय त्या कोर्टवर. हरलो तरी चालेल.

म्हणाली, माहीत आहे ताई. मी घरी चाललेय. आईकडे.

मग लक्षात आलं. पोर संकोची, खरं कारण सांगत नसेल. शेजारी बसले, प्रेमाने विचारलं, मनगट दुखतंय का गं? पाय? सांग मला, मी ऑफिसात तसं कळवते. कुणी तुला नावं ठेवणार नाही.

तिने बॅगेची चेन लावली. बॅग खांद्याला लावून उभी राहिली. म्हणाली, नाही ताई. माझं काहीच दुखत नाहीये.

गेली.

ऑफिसात गेले. बाई हसून म्हणाल्या, या, दुसऱ्या कुठेत? म्हटलं, खेळता येणार नाही. दुखापत आहे.

त्यांनी विचारलं, कोणाला?

म्हटलं, मला.