बाळाचं हसू आणि माझी बाकी मालमत्ता

मी, क्रिसान्तो बालुयोत, घरात तोतोय, स्टुडिओत 'मधला', वय एकोणतीस, शिक्षण कॉलेजचं पहिलं वर्ष आणि तेही अर्धं, राहणार मारिकिना, तिया बेबीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, घराची मागची खोली, पूर्ण शुद्धीत पण पुरता वैतागलेल्या अवस्थेत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. हे वाक्य घालच, असं तिया बेबीने समोर बसून सांगितलं म्हणून घातलं.

सोमवारी मी मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याचा मदतनीस म्हणून चढतोय. याआधी ट्रकवर, पालावानला मासेमारीच्या होडीवर आणि एका फिरत्या जत्रेत कामं केली, तेव्हा मृत्युपत्र कोणी मागितलं नव्हतं. पण तिया म्हणते, "समुद्र आहे तो. तुझा स्टुडिओ नाही, कंटाळा आला की उठून घरी यायला." आईवडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

कलम १. मोटारसायकल. जो ती पहिल्या लाथेत चालू करून दाखवेल, त्याची. न्हावी एलपिदियोने मात्र पाय लावू नये. तो या कागदाचा साक्षीदार आहे, आणि अ‍ॅटर्नी पुरिंग, हा कागद करून देणाऱ्या वकीलबाई, म्हणतात की साक्षीदाराच्या नावे ठेवलेली वस्तू बाद होते. एलपिदियो म्हणाला, "वाचलो."

कलम २. खालून दिवा लागणारं माझं चित्रांचं मेज. ते आमच्या गल्लीतल्या बालवाडीला. या मेजावर मी 'जीपनीतलं बिऱ्हाड' या, प्रवासी जीपमध्ये राहणाऱ्या कुटुंबाच्या, टीव्हीवरच्या विनोदी कार्टून मालिकेची मधली चित्रं काढली. मोठा चित्रकार मालिकेतल्या बापाचा हात खाली असलेलं चित्र काढतो, मग हात वर गेलेलं काढतो आणि जेवायला जातो. मधला सगळा हात माझा. कितीदा सोडून गेलो, कितीदा परत आलो, मेज तिथंच असायचं. मुलांनी त्यावर भात सांडला तरी चालेल. माझ्याकडून पुष्कळ सांडलाय.

कलम ३. मालिकेबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं. ही माझी सगळ्यात मोठी मालमत्ता आहे आणि मला तिचा वीट आलाय. बोटीत, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही कळलं की मी तिथं काम करायचो, की सुरू. यापुढे उत्तरं देण्याचा संपूर्ण हक्क आणि त्रास माझा चुलतभाऊ दिन्दो याला मिळावा. तो तिथला मोठा चित्रकार आहे. उत्तरं अशी:

कोंबडा कधी उजवीकडे बघत नाही, यात राजकारण नाही. दिन्दोला त्या बाजूचा तुरा जमत नाही. बापाच्या शर्टाला एकच गुंडी आहे ती गरिबी दाखवायला नव्हे. प्रत्येक चित्रात गुंड्या रंगवायचा आम्हाला कंटाळा होता. वादळाच्या भागातला पाऊस म्हणजे तेलात सुके मासे तळल्याचा आवाज. तो भाग झाल्यावर आठवडाभर स्टुडिओत मांजरं येत होती. कुत्र्याचं घोरणं निर्मात्याचं आहे, भर बैठकीतलं. त्यांना अजून माहीत नाही.

आणि बाळाचं हसू. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण याच्यामुळेच माझं डोकं फिरलंय.

मालिकेतलं बाळ बोलत नाही, फक्त हसतं. घरादारावर काहीही कोसळलं की ते हसतं आणि तिथं भाग संपतो. ते हसू तिया बेबीचं आहे. माझा डबा घेऊन ती स्टुडिओत आली होती. हिरडी दुखत होती म्हणून कवळी काढून रुमालात बांधलेली. दिन्दो खुर्चीवर बसायला गेला आणि खुर्ची नव्हतीच. तिया जी हसली, जी हसली, की आवाजवाल्याने तिला तशीच हाताला धरून आत नेलं. पुढे दहा वर्षं ती नेमाने जात होती, रुमाल घेऊन.

शेवटी पडद्यावर नावं जातात, ती टाइप करणाऱ्याने विचारलं, "म्हातारीचं नाव काय?" सगळे म्हणाले, "बेबी." आता आमच्याकडे कोण कोणाला कागदावरच्या नावाने हाक मारतं? म्हणून पडद्यावर गेलं: 'बाळ – बेबी'. झालं. सगळ्या देशाने समज करून घेतला की खऱ्या तान्ह्या बाळाला हसवून आवाज घेतलाय.

तियाला मानधनाचं काही नव्हतं. तिला एकदा, फक्त एकदा, पूर्ण नाव हवं होतं. मालिकेला दहा वर्षं झाली म्हणून टीव्हीवर सोहळा ठरला, तो दिन्दोच्या हातात. तिया त्याच्याकडे गेली. मी दारात होतो.

"तिया, असं कसं सांगू लोकांना? बाळ एकाहत्तर वर्षांचं आहे म्हणून? हिरमोड होईल सगळ्यांचा."

"माझा झालेला चालतो?"

"तू घरची आहेस गं."

मग त्याने निर्मात्याची दहा वर्षांची नात शोधली. तिलाही घरात बेबीच म्हणतात. हेच ते बाळ, आता एवढं मोठं झालं! सोहळा आज दुपारीच आहे.

कलम ४. बाळाचं पहिलं चित्र. मोठ्या चित्रकाराचं नव्हे, माझं. तिया बिनदातांची हसत होती तेव्हा डब्याच्या कागदावर काढलेलं. त्यावरूनच बाळ घडलं. लोक ते मागतात, मी देत नाही. ते तिया बेबीला.

कलम ५. वर न लिहिलेलं किंवा बाद झालेलं जे काही उरेल, ते दिन्दोला. माझी इच्छा नाही. अ‍ॅटर्नी पुरिंग म्हणाल्या, कोणाचं तरी नाव घालावंच लागतं, आणि तियाने दिन्दोचंच सांगितलं. "भाऊ आहे तुझा. आणि माझा भाचा." बरं, घातलं.

इथं मृत्युपत्र संपायला हवं होतं. पण कायद्याने साक्षीदार तीन लागतात. एलपिदियो आहे, दुकानवाली आलिंग सियोनी, म्हणजे सियोनीबाई, आहे, आणि तिचा नवरा सोहळा बघायला म्हणून उठून गेला तो गेलाच. सगळी गल्ली टीव्हीपुढे. आमच्या खिडकीतूनही ऐकू येतंय. आत्ताच त्या मुलीला हसायला सांगितलं. ती हसली. गोड हसली बिचारी.

आलिंग सियोनी म्हणाली, "हे ते नाही."

"दात आहेत तिला," तिया म्हणाली. "दात असताना तसं हसता येत नाही. पोरीचा काय दोष?" मग अ‍ॅटर्नीकडे वळून, "साक्षीदाराचं नाव पूर्ण लिहितात?"

"पूर्ण. वय, धंदा सगळं. आणि माझ्या दप्तरात कायमचं राहतं."

"आण इकडे पेन."

मी ओरडलो. अ‍ॅटर्नी पुरिंगनी चष्मा काढून समजावलं, "आलिंग बेबी, तुम्ही सही केलीत तर चौथं कलम बाद. चित्र दिन्दोकडे जाईल. थांबा ना, कोणीतरी येईलच."

"जाऊ दे त्याच्याकडे. भिंतीवर लावेल. रोज उठून माझंच तोंड बघेल."

"तिया, पुन्हा एकदा विचार कर गं!"

"दहा वर्षं केला," असं म्हणून तिने कवळी काढली, रुमालात बांधली आणि हसली. खिडकीबाहेर टीव्ही चालूच होता, पण दुकानासमोरची सगळी डोकी आमच्या खिडकीकडे वळली. मी पुन्हा लिहायला घेणार नाही. माझा हात दुखतोय आणि ती ऐकणार नाही.

हे मी लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं, आणि सगळ्यांसमोर सही केली. मारिकिना, शनिवार, १४ सप्टेंबर २०२४.

सही: क्रिसान्तो बालुयोत

साक्षीदार:
१. एलपिदियो मानालास्तास, वय ५८, धंदा: न्हावी.
२. असुन्स्योन दिमाकुलांगान, वय ४९, धंदा: किराणा दुकान.
३. मारिया एस्कोलास्तिका बालुयोत इ वेर्हारा, वय ७१, धंदा: बाळ.