दादाच्या डोक्यावरचा फेटा

सांगली,
१५ नोव्हेंबर १९९९

ती. गंगाधरदादास,
नाथाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र उघडलंस याचा अर्थ पाकिटावरचं माझं अक्षर तू ओळखलं नाहीस, किंवा ओळखूनही फाडलं नाहीस. दोन्ही मला चालेल. खरं तर पहिला कागद 'आपण' आणि 'तुम्ही' घालून लिहिला होता. पाच वर्षांचा अबोला, तेव्हा जरा अदबीनं लिहावं म्हटलं. पण वाचून बघितलं तर पाणीपट्टीची नोटीस वाटायला लागली. (जन्मभर जिल्हा परिषदेत तेच लिहिलं, दुसरं काय येणार?) तेव्हा 'तू'च म्हणतो. तुझा डावा गुडघा कसा आहे? वहिनींच्या कार्डावरून कळलं की सातारच्या थंडीत तो पुन्हा कुरकुरतो. वहिनी दर दिवाळीला कार्ड टाकतात आणि खाली 'ह्यांचा नमस्कार' लिहितात. तो नमस्कार तुझा नसतो हे मला कळतं, तरी मी तो घेतो.

इकडे सगळे ठीक. शकुंतलेचं रक्तदाब प्रकरण आटोक्यात आहे आणि माझं दिवसभर घरात असणं हे तिला नवं दुखणं झालंय. रिटायर झालेल्या माणसानं करायचं काय? म्हणून मी कॉम्प्युटर शिकतोय. हसू नकोस. आमच्या धाकट्या अपूर्वानं कॉलेजच्या अभ्यासासाठी घेतलेला आहे. त्यात तिनं लिनक्स नावाची काहीतरी व्यवस्था बसवलीय, आणि त्यात फोटो दुरुस्त करायचं गिम्प म्हणून एक सॉफ्टवेअर आहे. परदेशातल्या कॉलेजच्या पोरांनी ते केलं आणि जगाला फुकट वाटलं. नुसतं वाटलं नाही, आत कसं बनवलंय तेही उघडं ठेवलं, ज्याला सुधारायचं त्यानं सुधारावं. मला हे ऐकून एकदम अप्पा आठवले. अख्ख्या मंगळवार पेठेतल्या लग्नांत फेटे बांधायचे, चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत, आणि कुणी शिकायला आला की त्याच्यासमोर बांधलेला फेटा उलगडून पुन्हा पहिल्यापासून दाखवायचे. शिकलास तू. मी फक्त टोक धरायचो.

तर या गिम्पात एक क्लोन नावाचं हत्यार आहे. त्याच्यावर रबरी शिक्क्याचं चित्र काढलंय. शिक्का बघितल्यावर माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं हे आपल्याला येतं, छत्तीस वर्षं दुसरं काय केलं! रीत अशी: फोटोतली जी जागा उचलायची तिथं कंट्रोल दाबून टिचकी मारायची, मग जिथं हवं तिथं माउस घासायचा. इथलं तिथं उमटतं. मूळचं जागेवर राहतं, त्याची नक्कल दुसरीकडे येते. अपूर्वानं ओळखीच्या स्टुडिओतून एक फोटो स्कॅन करून फ्लॉपीवर आणून दिला आणि म्हणाली, "बाबा, यावर हात बसवा."

फोटो कुठला ते तू ओळखलंच असशील. आपल्या थोरल्या कीर्तीच्या लग्नातला, चौऱ्याण्णवचा. मागच्या रांगेत सगळी गुलाबी फेटेवाली मंडळी, आणि त्यांच्या मधोमध तू बोडका. ज्या माणसानं पहाटेपासून दोन्हीकडच्या पाहुण्यांना फेटे बांधले, त्याच्याच डोक्यावर फेटा नाही. हा फोटो पाच वर्षं आमच्या पुढच्या खोलीत टांगलेला आहे, आणि मी पाच वर्षं त्याच्याकडे पाठ करून जेवतो. म्हटलं, चला, शिक्का हातात आहे, दादाला फेटा देऊन टाकू.

पहिला फेटा उचलला आष्ट्याच्या व्याह्यांचा, आकारामरावांचा. चांगला भरदार होता. पण माझा हात जरा जास्त खाली घासला गेला आणि फेट्याबरोबर त्यांच्या मिशाही तुझ्या कपाळावर आल्या. पुसायला म्हणून मांडवाचा पडदा उचलून घासला, तर तुझा उजवा कान पडद्यात गेला. कान परत आणावा म्हणून शेजारच्याचा घेतला, तो निघाला डावा. मग मी घाबरून जिथं तिथं शिक्के मारत सुटलो. (ऑफिसातही मार्चअखेरीला असंच व्हायचं.) शेवटी तुला तीन कान, कपाळावर मिशा आणि खांद्यावर कुणाचा तरी नारळ अशी अवस्था झाली. अपूर्वा म्हणाली, मागे जा. या यंत्रात चुकलं तर मागे जाता येतं, पण पाच पावलंच. सहावं मागे जाता येत नाही. मी तर चाळीस पावलं पुढे आलो होतो. त्यावरून मला उगीचच भरून आलं, आणि शकुंतलेला वाटलं पडद्याकडे बघून डोळ्यांत पाणी येतंय, चष्म्याचा नंबर वाढला.

नेमके त्याच दिवशी आकारामराव अपूर्वाच्या लग्नाचं ऐकून भेटायला आले. (हो, अपूर्वाचं ठरलंय. पत्रिका सोबत आहे, पण ते नंतर.) पडद्यासमोर उभं राहून त्यांनी पुष्कळ वेळ निरखलं आणि म्हणाले, "आवं पावनं, ह्या मिश्या माज्या न्हवं? ह्यांच्या टकुऱ्यावर कवा उगिवल्या?" मी सांगितलं, फोटोत दादाला फेटा देतोय. जाताना म्हणाले, "फोटूत दिऊन काय व्हतंय? दादास्नी हितं बोलवा की." आणि नेहमीप्रमाणे कीर्तीच्या लग्नातल्या त्या गुलाबी मठ्ठ्याची आठवण काढून गेले. असा बीट घातलेला मठ्ठा त्यांनी पुन्हा कुठं प्यायला नाही म्हणे. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात केली. रांगेतला एकेक फेटा उचलून तुझ्या डोक्यावर ठेवून बघत होतो. कुणाचा मोठा, कुणाचा तिरका, कुणावर सावली उलटी. हे करता करता आपल्या जुन्या घराचा सोपा दिसायला लागला. फेट्याचं ओलं कापड चुण्यांसाठी ताणायचं असायचं. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये अप्पा. मी नेमका हसायचो आणि टोक सोडायचो, कापड मातीत पडायचं, आणि अप्पा दरवेळी तुलाच ओरडायचे, कारण तू मोठा. तू कधी म्हणाला नाहीस की नाथानं सोडलं. एकदाही नाही.

शेवटी रांगेत एकच फेटा उरला, माझ्या डोक्यावरचा. तो उचलून ठेवला आणि असा बसला म्हणून सांगू! एक रेघ इकडची तिकडे नाही. तुझं डोकं आणि त्याचं माप जसंच्या तसं. मग एकाच फोटोत तोच फेटा दोघांवर बरा दिसेना, म्हणून मी माझा काढायला घेतला. पण फेटा पुसल्यावर खाली डोकं कुठून आणायचं? ते फोटोत नाहीच. तेव्हा मूळ फोटोतलं तुझं टक्कल उचललं आणि मला लावलं. शकुंतलेनं बघितलं तर तिला काही बदलल्याचं कळेना. म्हणाली, तुमचं टक्कल असंच तर आहे. दादा, ते तुझंही नाही आणि माझंही नाही, अप्पांचं आहे. दोघांना सारखं वाटून गेले.

खणभागातल्या डीटीपीवाल्याकडून काढलेली रंगीत प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या डोक्यावर फेटा आहे, मी बोडका आहे. भिंतीवरचा जुना काढून हाच लावला. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तीळतेल लाव.

तुझा,
नाथा

ता. क. १: माझाच फेटा तुला इतका बेमालूम का बसला, हे वर लिहायचा धीर झाला नाही. तो तुझाच होता. तू स्वतःचा गुडघ्यावर बांधून खिडकीत ठेवला होतास. मी उचलला. माझा गेला होता. कापड कमी पडलं, दादाची मोजताना चूक झाली, असं मी सगळ्या पाहुण्यांपुढे म्हणालो. तू म्हणालास, खिडकीत ठेवला होता, तर मी म्हणालो, ठेवला असता तर तिथंच असता. तोच फेटा तेव्हा माझ्या डोक्यावर होता. अक्षता टाकून तू पंगतीला न बसता एसटी धरलीस. तुझं मोजमाप चुकलं नव्हतं, दादा. अप्पांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाचं चुकतच नाही. हे मी आकारामरावांना काल आष्ट्याला जाऊन सांगितलं. आधी त्यांना, मग तुला, कारण आळ त्यांच्यापुढे घेतला होता.

ता. क. २: माझा फेटा कुठं गेला विचारशील. मीठ बरोबर आहे का बघायला मठ्ठ्याच्या पातेल्यावर वाकलो होतो. रंग कच्चा होता. आकारामरावांना हे मात्र सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, ते बिचारे चार ग्लास प्याले होते.

ता. क. ३: अपूर्वाचं लग्न रविवारी, १२ डिसेंबरला. फेटेवाला ठरवलेला नाही आणि ठरवणारही नाही. कापड आणून ठेवलंय, पक्क्या रंगाचं, माप तू घे. पहिला फेटा तुझा तू बांधायचास, आणि माझा बांधायचा की नाही ते तू ठरव. आदल्या दिवशी सकाळी ये, कापड ताणायला एक माणूस लागतो. दुसरं टोक मी धरतो. आता सोडणार नाही.